ट्रलीचं पत्र : खिडकीतला दिवा



आमच्या ट्रलीत डिसेंबरमध्ये सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. 'उगवतो' हे आपलं म्हणायचं. अटलांटिकवरून आलेले ढग एकदा स्लीव्ह मिशच्या डोंगरांवर मुक्कामाला बसले की दिवसाढवळ्या घरातले दिवे चालू ठेवावे लागतात, आणि विजेचं बिल बघून आमच्या सौ.ना पुण्याचा वैशाखसुद्धा गोड वाटायला लागतो. अशा दिवसांत इथल्या एका जुन्या चालीकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घराच्या खिडकीत एक मोठी मेणबत्ती लावायची, आणि ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून लावून घ्यायची. मरिया आणि योसेफ बेथलेहेममध्ये जागा मागत फिरले, त्यांना कुणी घेतलं नाही; आमच्या घरात जागा आहे, हे सांगणारा तो दिवा. इंग्रजांनी कॅथलिकांवर निर्बंध लादले होते त्या काळात हाच दिवा लपतछपत हिंडणाऱ्या धर्मगुरूला 'या, इथे धोका नाही' असं सांगायचा, अशीही हकिकत जुनी माणसं सांगतात. आता पुष्कळ घरांत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवा असतो. इंजिनिअर या नात्याने आमची त्याला हरकत नाही.

या दिव्याला पुढे आणखी एक अर्थ चिकटला आणि तो आपल्यासारख्यांच्या फार जवळचा आहे. ट्रलीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ब्लेनरव्हिल नावाचं खेडं आहे. तिथली पांढरी पवनचक्की पाहुणे आले की आम्ही न चुकता दाखवतो. बटाट्याच्या दुष्काळात या धक्क्यावरून माणसांनी भरलेली जहाजं अमेरिकेकडे जात. 'जीनी जॉन्स्टन' हे जहाज २४ एप्रिल १८४८ रोजी १९३ उतारू घेऊन इथून क्वेबेकला निघालं. १८५५पर्यंत त्याने १६ फेऱ्या केल्या आणि एकाही फेरीत माणूस दगावला नाही. त्या काळच्या जहाजांना 'तरंगत्या शवपेट्या' म्हणत, हे लक्षात घेतलं म्हणजे या गोष्टीचं मोल कळतं. तर अशा या देशात १९९० साली मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्षा झाल्या आणि त्यांनी जाहीर केलं की देश सोडून गेलेल्या आपल्या लोकांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी कायम दिवा तेवत राहील. त्यांनी तो खरोखरच स्वयंपाकघराच्या खिडकीत लावला. परदेशी गेलेल्या माणसासाठी मागे कुणीतरी दिवा लावून ठेवलाय, ही कल्पना या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पण कुंपणापलीकडून हाक मारली की अख्ख्या आळीला ऐकू जाते. त्यांनी एकदा ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री आम्हां उभयतांना चर्चमध्ये नेलं. आम्ही काही ख्रिस्ती नाही; बघायला गेलो. चर्चमधले सगळे दिवे घालवलेले होते. बाहेर अंगणात आगटी पेटवलेली. तिच्यावर एक भलीमोठी मेणबत्ती पेटवून ती त्या काळोखात आत नेली, वाटेत तीनदा थांबून उंच धरली, आणि मग तिच्यावरून एकाने आपली छोटी मेणबत्ती पेटवली, त्याच्यावरून शेजारच्याने, असं करत करत पाच मिनिटांत सगळं चर्च उजळलं. एकही बटण दाबलेलं नव्हतं. पहिली मेणबत्ती देतादेता तसूभरही मंदावली नाही. लहानपणी तुळशीच्या लग्नात एका पणतीवरून दुसरी लावायचो तेव्हा हे कधी मनात आलं नव्हतं. (जाता जाता : प्रकाशाची तीव्रता ज्या एककात आम्ही मोजतो त्या 'कँडेला'चं नाव मेणबत्तीवरूनच आलंय. विज्ञानानेही मोजायला सुरुवात तिथूनच केली.)

परतताना आजींनी समजावून सांगितलं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या नावाने जी मेणबत्ती देतात तीही याच मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, तेच विशेषण तो समोर बसलेल्या साध्यासुध्या माणसांना देऊन टाकतो. पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलं त्याचाही मथितार्थ हाच, की तुम्ही आता प्रकाशाची लेकरं आहात, तर चालचलणूक तशी ठेवा. आजी म्हणाल्या, "मी रोज मिस्साला जाते म्हणून मला लोक भाविक समजतात. पण मिस्सा सोपा आहे रे. घरी आल्यावर सुनेशी नीट बोलणं कठीण." आमच्या सौ.ना हे वाक्य इतकं पटलं की त्यांनी ते त्याच रात्री फोनवरून आमच्या आईंना ऐकवलं.

हे सगळं आज लिहायचं कारण निराळं आहे.

२०२२च्या जनगणनेप्रमाणे आयर्लंडमध्ये भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांवर गेली आहे. दवाखान्यांत नर्सेस, कंपन्यांत सॉफ्टवेअरवाले, आणि आमच्यासारखे कारखान्यांतले. आमच्या भागात मराठी घरं मोजकीच, म्हणून दिवाळी सगळे मिळून करतो. गेल्या खेपेस एक ताई पहिल्यांदाच आल्या. दवाखान्यात नर्स आहेत, गाव नगरकडचं, आडनाव आपल्यातलंच. चकल्या स्वतः करून आणल्या होत्या आणि त्या उत्तम झाल्या होत्या, हेही नोंदवून ठेवतो. गप्पांच्या ओघात रविवारी चर्चला जातो असं त्या म्हणाल्या. क्षणभर सगळे गप्प. मग एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन? मग मातृभाषा कुठली?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, मराठीच. बायबल मराठीत वाचते, प्रार्थना मराठीत करते, आणि नाइट ड्यूटीला पेशंटवर चिडले की मनातल्या मनात शिव्याही मराठीतच देते."

हशा पिकला, विषय बदलला. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. विचारणारा माणूस वाईट नव्हे. त्याच्या हातून मंडळाची पुष्कळ कामं होतात. तरीही, खिडकीत दिवा लावणाऱ्या देशात राहून, आपल्याच दिवाळीत, आपल्याच भाषेच्या माणसाला दारात उभं करून ओळखपत्र मागायचं, हे काही खरं नाही.

आणि ओळखपत्र मागायचंच तर ते चारशे वर्षांचं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला, मराठी शिकला आणि त्याने ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली सासष्टीतल्या राशोळला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या! शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधी हा परदेशी माणूस मराठी भाषेची थोरवी गात होता आणि येशूची कथा सांगायला पुराणाचा घाट त्याला परका वाटला नव्हता.

नगरचं तर बोलायलाच नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याच्या घरी परत आल्या, सोवळंओवळं मात्र सोडलं नाही. आणि पुढे जातीभेद देवाने केला की माणसाने, याचा छडा कुणाच्या प्रवचनावाचून स्वतःच्या मनाशी लावून १९०० साली स्वतःच ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना हे ठाऊक आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हे पत्र इथेच बाजूला ठेवून आधी ते वाचावं, आमचा राग नाही. टिळकांनी पाश्चात्त्य चालींच्या जागी अभंग आणले, कीर्तन आणलं. नगरच्या चर्चमध्ये टाळमृदंग वाजले. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांची पदं भरपूर आहेत. आणि याच घरात बालकवी ठोंबरे हा कोवळा मुलगा राहून गेला. त्याला कुणी धर्म विचारला नाही. पोराला कवितेचं वेड आहे आणि पोटाला जेवण हवं, एवढं टिळक दांपत्याला पुरलं. 'प्रकाशाची लेकरं' म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आम्ही प्रवचनाच्या भानगडीत न पडता नगरच्या त्या घराकडे बोट दाखवू.

आणि केडगावकडे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये, वाँटेजला, बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांच्याकडून घेतला त्यांच्यापुढे मान तुकवली नाही. त्यांना जो क्रूस घालायला दिला होता त्यावरची अक्षरं लॅटिन होती. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही, अशा अर्थाचा सवाल बाईंनी तिथल्या मठवासिनींना टाकला. इंग्लंडातही त्या शाकाहारी राहिल्या. ११ मार्च १८८९ला मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई नावाची बालविधवा. १८९३ला तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामाने पुढे केवढा पल्ला गाठला ते आपल्या आयाआज्यांना विचारा. त्याच वर्षी शारदा सदनातल्या काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांची बाजू अगदीच टाकाऊ होती असं आम्ही म्हणणार नाही. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन सुमारे तीनशे उपाशी मुली-बायका घेऊन येणारी बाई त्या वेळी दुसरी कुणी नव्हती, हेही तितकंच खरं.

केडगावच्या मुक्ती सदनात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे दोन हजार जणी होत्या. विधवा, अनाथ मुली, अंध स्त्रिया (त्यांना शिकवण्यासाठी रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशी ब्रेल शिकून आली), आणि समाजाने 'वाकडं पाऊल पडलं' म्हणून घराबाहेर काढलेल्या बायका. त्यांच्यासाठी कृपा सदन नावाचा वेगळा विभाग होता. शेती होती, माग होते, छापखाना होता. तो छापखाना बायकाच चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि शेतावरच्या बाईला वाचता येईल अशा मराठीत सबंध बायबल उतरवलं. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. एकुलती एक मनोरमा त्यांच्या आदल्याच वर्षी गेली होती. सबंध ग्रंथ १९२४ला बाहेर पडला, त्याच छापखान्यातून.

'दिवठणी' हा शब्द आम्हांला मराठी बायबलमुळे पुन्हा सापडला. दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवायचा नसतो, दिवठणीवर ठेवायचा असतो, हा तो प्रसिद्ध दाखला. आमच्या आजीच्या माजघरात दिवठणी होती. आमच्या मुलांना तो शब्द परका आहे, नगरच्या ताईंना नाही. मराठी कोण, हे मग कुणी कुणाला विचारावं?

आता थोडं कडू. हा विषय नुसत्या कौतुकाने संपवला तर शेजारच्या आजीच आमचा कान पकडतील.

ज्या गावात आम्ही राहतो त्या ट्रलीत ख्रिस्ती बंधूंच्या संघाची सेंट जोसेफ्स नावाची औद्योगिक शाळा होती. अनाथ आणि गरिबांची मुलं तिथे सरकारी हुकुमाने पाठवत. १९७०ला ती बंद झाली. २००९ साली रायन आयोगाचा अहवाल आला, त्यात या शाळेवर स्वतंत्र प्रकरण आहे. मुलांना झालेली मारहाण आणि अत्याचार त्यात नोंदवले आहेत. १९८४ साली केरीच्या किनाऱ्यावर एक मृत अर्भक सापडलं. पोलिसांनी ट्रलीजवळच्या खेड्यातल्या एका अविवाहित तरुणीवर खुनाचा आरोप ठेवला. त्या बाळाशी तिचा काही संबंध नव्हता. आरोप मागे घेतला गेला, पोलिसांच्या वागणुकीची चौकशी करायला आयोग नेमला गेला, आणि १९८५च्या जानेवारीत ट्रलीत बसलेल्या त्या आयोगापुढे दिवसचे दिवस उलटतपासणी झाली ती त्या तरुणीच्याच खाजगी आयुष्याची. सरकारने तिची औपचारिक माफी मागितली ती २०२०च्या डिसेंबरात. पस्तीस वर्षांनी.

त्याच देशात, त्याच धर्मात, रविवारी तीच मेणबत्ती लावणारी माणसं होती ही. केडगावला अशाच मुलीला दार उघडलं जात होतं आणि इथे तिला पिंजऱ्यात उभं केलं जात होतं. आजींना आम्ही एकदा भीतभीत विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हांला सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं. दिवा होता रे. आम्ही तो त्या बाजूला फिरवला नाही." पण त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली : त्या खेड्यातले शेजारीपाजारी फलक घेऊन आयोगाच्या दारात येऊन उभे राहिले होते, आणि देशभरातल्या बायकांनी त्या मुलीला पिवळे गुलाब पाठवले होते. पाठवणाऱ्यांतही रोज मिस्साला जाणाऱ्या बायका असणारच.

या प्रकरणांनी इथला कॅथलिक समाज हादरला. २०१६च्या जनगणनेत लोकसंख्येच्या ७९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं होतं, २०२२ला ते ६९ टक्के राहिले. रविवारची गर्दी त्याहून झपाट्याने ओसरली असं आजी म्हणतात; आता मिस्साला नव्या चेहऱ्यांत केरळच्या नर्सेस दिसतात. प्राथमिक शाळा मात्र बहुतेक अजून चर्चच्याच छत्राखाली आहेत. आमची धाकटी दुसरीत गेली तेव्हा वर्गात प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी सुरू झाली. तिला त्यातून सूट होती, पण कान थोडेच बंद होतात! एक दिवस विचारते, "बाबा, त्यांना लाइट देवाकडून मिळतो. आपल्याला कुठून मिळतो?" आम्ही म्हटलं, "देवाकडूनच." मग तिची आई म्हणाली, "आणि ते विसरलीस तर ताईकडून मिळेल, ती आठवण करून देईल." थोरलीने हे काम लगेच मनावर घेतलं. आता घरात भांडण झालं की ती धाकटीला "लाइट गेला गं तुझा" म्हणते.

नगरच्या ताईंकडे आम्ही नंतर एकदा जेवायला गेलो. पिठलं-भाकरी. जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना म्हटली, मुलांची नावं घेऊन, आणि शेवटी त्या रात्री वॉर्डात कोण अत्यवस्थ होतं त्याच्यासाठी. त्यांना विचारलं, त्या दिवशी वाईट वाटलं का? म्हणाल्या, "सवय आहे हो. गावाकडे 'तुम्ही आपल्यातल्या नाही' म्हणतात, इथे चर्चमध्ये 'तुम्ही कधीपासून ख्रिश्चन झालात' विचारतात. माझ्या पणजोबांपासून, असं सांगितलं की यांना नवल वाटतं." दोन्हीकडच्या दारात उभं राहावं लागणाऱ्या या बाईने दोन्हीकडे चकल्या नेल्यात, हे सौ.नी आमच्या नजरेस आणून दिलं.

असाच अनुभव मोठ्या माणसांनाही चुकत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. घरची बोली सामवेदी, लेखणी मराठी. अनेक वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरले, 'सुबोध बायबल' लिहिलं आणि त्याला २०१३चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०च्या उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष निवडले गेले, तर त्यावरही काहींनी धर्मावरून आक्षेप घेतलाच. फादर अध्यक्ष झाले, संमेलन पार पडलं. २५ जुलै २०२४ला ते गेले. आपल्या अंकात त्यांच्यावर चार ओळी आल्या नाहीत, त्या आता आल्या.

तर मंडळींपुढे एक सूचना ठेवतो. येत्या डिसेंबरात आपण जमू तेव्हा नेहमीच्या गाण्यांबरोबर रेव्हरंड टिळकांची दोन पदं म्हणायची. ताई म्हणायला तयार आहेत, पण एकट्या नाही. चार जणांनी सुरात सूर मिळवायला हवा. चकल्यांचा प्रश्न मिटलेला आहे. पेटी आमच्याकडे आहे, तिच्या दोन पट्ट्या दमट हवेने बसल्या आहेत, त्या दुरुस्त करून ठेवतो. 'उपासना संगीता'ची प्रत कुणाकडे असेल तर कळवावं. त्या गृहस्थांशीही आम्ही बोललो. तबला ते वाजवणार आहेत.